ऑर्मरॉडचं अंगण

ब्रॅम्बल माजावर आली तो मंगळवार.
लाद्यांवर चार ठिपके,
मला आधी वाटलं बीटाचं पाणी सांडलं.
मग तीच वळून वळून स्वतःला चाटताना दिसली.
ओशाळली वगैरे नव्हती,
ओशाळायला तिला कोणी शिकवलेलं नाही.

कॅलेंडरवर खूण केली. तीन आठवडे
कालव्याची वाट बंद,
पहाटे पाचला पट्टा लावून गल्लीतच दोन चकरा.
तरी ऑर्मरॉडचा टेरियर फाटकाखाली नाक खुपसून रात्रभर असा रडायचा
जसं टॉडमॉर्डनमधलं सगळं दुःख त्याच्याच वाट्याला आलंय.
ऑर्मरॉड म्हणाला, माफ कर बाई, जेवतसुद्धा नाही मेला.
मेला हा माझा शब्द. तो सभ्य माणूस आहे.

त्यातच शाल्मलीचा फोन. शनिवारी पिल्लू आणतेय,
नाइट शिफ्ट संपेपर्यंत तुझ्याकडे राहू दे.
म्हटलं, अगं, आत्ता कसं, ही बाहेरची आहे.
बाहेरची!
तीस वर्षं यॉर्कशरच्या पाण्यात भिजूनही
न विटलेला शब्द.
कुत्री आतच होती, गादीवर,
हीटरला पाठ लावून घोरत.

जनावरांची डॉक्टरीण म्हणाली,
एकदम घरात नेऊ नका. घर तिचं आहे.
जिथे दोघींपैकी कोणाचीच सत्ता नाही
तिथे आधी गाठ घालून द्या.
वाडगी उचला, खेळणी उचला.
मोठी गुरगुरली तर रागावू नका, ते तिचं बोलणं.
दाबलंत, तर पुढच्या वेळी न बोलता चावेल.

गाडीत येऊन बसले,
किल्ली फिरवायला जरा वेळ लागला.

माझी गाठ कुठे घातली होती?
मँचेस्टरच्या विमानतळावरून थेट त्या घरात.
भिंतीवर पहिलीचा फोटो, कापडी फुलांचा हार,
कपाटात तिच्या साड्यांना खेटून माझ्या साड्या,
आणि जिन्यात बसलेली अकरा वर्षांची शाल्मली.
ही कुठे झोपणार?
वडिलांना विचारलं, इंग्रजीत.
असं बोलतात का, सॉरी म्हण, ते म्हणाले.
ती सॉरी म्हणाली.
नंतर दीड वर्ष काहीच म्हणाली नाही.

मग एका सकाळी तिच्या पलंगावर चादर नव्हती.
गादीखाली कोंबलेली सापडली.
गार पाणी, मीठ, दोनदा चोळून धुतली,
वाळवून परत अंथरली,
उशीवर एक पाकीट ठेवलं.
बोलायचं काय ते सुचेना.
मला आईने कोपरा दाखवला होता,
चटई, वेगळा तांब्या.
तो कोपरा मी सामानात आणला नाही
एवढंच छातीवर हात ठेवून सांगू शकते.
रात्री जेवताना तिने डाळीचं भांडं
माझ्याकडे सरकवलं. मी मागितलं नव्हतं.

शनिवारी ऑर्मरॉडने अंगण दिलं.
पिल्लाची लस अर्धवट, कालव्यावर नेता येत नव्हतं.
सकाळी फरशी धुऊन ठेवली त्याने,
टेरियरला वर कोंडलं,
आणि स्वतः खिडकीत चहा घेऊन उभा.

शाल्मलीने कोटातून पिल्लू काढून खाली ठेवलं.
ते उताणं पडलं, भीतीने चार थेंब मुतलं.
ब्रॅम्बल गुरगुरली.
शाल्मलीचा हात पुढे झाला.
थांब, म्हटलं. बोलू दे तिला.

बोलली ती. बरंच बोलली.
मग हुंगलं, शिंकली,
आणि भिंतीशी जाऊन आमच्याकडे पाठ करून बसली.
पिल्लू तिच्या मागे, दोन हात अंतरावर,
मध्येच अर्धा हात.

ही कुठे झोपणार? शाल्मलीने विचारलं.

तिला आठवत होतं की नाही, कळलं नाही.
मी तोंड उघडलं
तेवढ्यात वर टेरियरने सूर लावला,
आणि खिडकीतून ऑर्मरॉड पुन्हा माफी मागायला लागला.